आत पाहणारी घरे

परवा भाचीला एम. ए.ला घालण्यासाठी अक्कलकोटहून पुण्याला गेलो होतो. विद्यापीठातले कागदपत्रांचे काम आटोपले, गाडीला अवकाश होता, म्हणून मुख्य इमारतीसमोर जरा टेकलो. पोरगी बराच वेळ तो उंच चौकोनी मनोरा न्याहाळत होती.

"मामा, ही कचेरी वाटतच नाही!"

वाटणार कशी? ती कचेरी म्हणून बांधलीच नव्हती. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी १८६४ साली आपल्या पावसाळी मुक्कामासाठी हा महाल बांधायला काढला. आराखडा जेम्स ट्रुबशॉ यांचा. १८७१ साली तो पुरा झाला. त्या दिवसांत मुंबईत टोकदार गॉथिक कमानींची चलती होती. येथे मात्र इटलीतल्या रेनेसाँ काळातील हवेल्यांचे वळण घेतले. म्हणून कमानी अर्धगोल, ओळीने चालत गेलेल्या, आणि सगळ्यांवर नजर ठेवणारा मनोरा. व्हिक्टोरिया राणीचा ऑसबर्न हाउस हा वाडाही याच घराण्यातला.

आमच्याकडची माळवदाची घरे आत तोंड करून बसतात. बाहेर जाड भिंत. उजेड यायचा तो चौकातून, नाही तर माळवदाच्या झरोक्यातून. हा महाल अगदी उलटा. त्याचे सारे तोंड बाहेर! राज्यकर्त्याला दूरवर पाहायचे असते, आणि दुरून दिसायचेही असते.

२२ जून १८९७ च्या रात्री येथे राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी झाली. त्या आधी प्लेगच्या तपासणीसाठी गोरे शिपाई पुण्याच्या माजघरांपर्यंत शिरले होते. आत पाहणारी घरे बळजबरीने उघडली गेली, आणि येथे रोषणाई! त्या मेजवानीवरून परतताना रँड आणि आयर्स्ट यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या.

पुढे १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि गव्हर्नरांच्या महालात फायली आल्या. २०१४ पासून विद्यापीठाला नाव आहे सावित्रीबाई फुले यांचे. कमानी त्याच राहिल्या. त्यांखालून जाणारी माणसे बदलली.

हे सारे मी भाचीला सांगत होतो. पण तिचे लक्ष कुठे? ती उठून सरळ एका कमानीखाली जाऊन उभी राहिली.

"मामा, इथं किती गार लागतंय! अगदी आपल्या सोप्यासारखं."

गव्हर्नरांच्या महालाला आमच्या सोप्याची उपमा! मी पुढचा इतिहास गुंडाळून ठेवला. पोरीला आता येथे परके वाटणार नव्हते.