फजितीचा मान

विनोदी रहस्यकथा म्हणजे उथळ करमणूक, असा निवाडा आपल्या मराठी विभागांत पुस्तक न उघडताच दिला जातो. त्यास आमची हरकत आहे.

जेनेट इव्हानोविच यांच्या ‘वन फॉर द मनी’ (१९९४) या कादंबरीतील स्टेफनी प्लम नोकरी गेल्यावर जामिनावरील फरारी आरोपी पकडून आणण्याचे काम पत्करते. पिस्तूल बिस्किटांच्या डब्यात ठेवते, पदोपदी फसते. पण माग सोडत नाही. मराठीत अशी धडपड लाडकी झाली ती पुरुषाची, चिं. वि. जोशींच्या चिमणरावाची. अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाडही पुरुषच. गंभीर कादंबरीने स्त्रीला सोसण्याचा मान दिला, बंडाचाही दिला. फजितीचा देताना मात्र हात आखडला.

‘हा व्यवसाय आपल्याकडे नाहीच’, हा आक्षेप लटका आहे. आरोपी पळाला की बंधपत्राची रक्कम जामीनदाराच्या गळ्यात येते. तो आरोपी शोधत हिंगोलीच्या न्यायालयापासून औंढ्याच्या बसस्थानकापर्यंत धडपडणारी जामीनदाराची बायको कुणी का लिहू नये? तिच्या फजितीत कर्ज, कायदा आणि संसार तिन्ही येतील.

अभ्यासमंडळांनी आधी वाचावे. निवाडा मग द्यावा.