निबंधाचे मुद्दे कोणी काढावयाचे?

मराठीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांची एक तक्रार नेहमीची आहे : निबंध शंभर, पण लेखक जणू एकच. ‘माझा आवडता ऋतू’ म्हटले की सर्वांना पावसाळाच आवडतो आणि पावसाळा आला की मोर नाचतोच. ज्याच्या झोपडीत दरवर्षी गुडघाभर पाणी शिरते तो मुलगाही मोरच नाचवितो. हा मुलांच्या प्रतिभेचा दोष मानून आपण मोकळे होतो. वस्तुतः काय लिहावयाचे हे त्याच्यासाठी आधीच ठरलेले असते. मुद्दे फळ्यावर असतात, फळ्यावर नसले तर गाइडात असतात. त्याने फक्त मधली वाक्ये भरावयाची.

लिहिण्यापूर्वी मुद्दे काढण्याला, त्यांचा आराखडा करण्याला आमचा विरोध नाही. किंबहुना त्यावाचून चांगले लेखन क्वचितच होते. प्रश्न आहे तो आराखडा कोणी करावयाचा हा. विचाराचे खरे काम तेथेच घडते, आणि नेमके तेच मुलाच्या हातून काढून घेतले गेले आहे. सुशिक्षित घरातील मुलाचे यात फारसे बिघडत नाही. पुस्तके, वर्तमानपत्रे आणि घरातील चर्चा यांतून लेखी भाषेची शिस्त त्याच्या अंगवळणी पडते. ऊसतोड मजुराच्या मुलीला ती शाळेने दिली नाही, तर कोठूनच मिळत नाही.

इटलीतील फ्लॉरेन्सच्या उत्तरेस डोंगरात बार्बियाना नावाची छोटी वस्ती आहे. लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूने तेथे सरकारी शाळांनी नापास करून बाहेर काढलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालविली. त्या शाळेतील आठ मुलांनी मिळून लिहिलेले ‘शिक्षिकेस पत्र’ हे पुस्तक १९६७ साली प्रसिद्ध झाले. शाळा गरिबांनाच का गाळते, याचा आकडेवारीनिशी जाब त्यात विचारलेला आहे. हे पुस्तक कसे लिहिले गेले, हेही मुलांनी त्यातच सांगितले आहे. प्रत्येकाच्या खिशात वही असे. सुचेल ती कल्पना टिपावयाची, एका कागदावर एकच, आणि तीही एकाच बाजूला. मग सारे कागद मोठ्या टेबलावर मांडावयाचे, दुबार आलेले काढून टाकावयाचे, एका विषयाचे एकत्र ठेवावयाचे. मोठे ढीग म्हणजे प्रकरणे, त्यांतील लहान ढीग म्हणजे परिच्छेद. परिच्छेदाला नाव देता आले नाही, तर त्यात काही नाही किंवा फार काही कोंबले आहे असे समजावयाचे. पुढे अनावश्यक शब्द, अवघड शब्द, लांबलचक वाक्ये छाटण्याची चढाओढ. (आपल्या अधिवेशनांतील ठरावांवरूनही ही कात्री फिरावयास हरकत नाही.) शेवटी बाहेरच्या माणसांकडून मजकूर वाचून घ्यावयाचा, आणि तीही शक्यतो फारसे न शिकलेली हवीत.

लेखन ही इतर कोणत्याही कलेप्रमाणे शिकविता येणारी गोष्ट आहे, असा त्या मुलांचा दावा होता. ती दैवी देणगी मानली की काहीही न शिकविता गुण कापता येतात.

सांगण्यासारखे काही गरिबांच्या मुलांजवळ नसते, हा समज तर आपल्याकडे केव्हाच खोटा ठरला आहे. फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता या मातंग समाजातील मुलीचा, आपल्या लोकांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला.

साठ मुलांच्या वर्गात हे कसे जमावे, असा आक्षेप येईल. शिक्षकांवरील अशैक्षणिक कामांचा बोजा पाहता तो अगदीच पोकळ नाही. पण वस्तीवस्तीत आपले कार्यकर्ते अभ्यासिका चालवितात, तेथे कोणाच्या परवानगीची गरज नाही. पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या करून मुलांच्या हाती द्याव्यात. विषय असावा ‘आमच्या गल्लीतील पाणी’. चिठ्ठ्या जमिनीवर पसरून कोणती आधी, कोणती नंतर, याचा वाद मुलांनाच घालू द्यावा. ताईंनी किंवा दादांनी तोवर एकही मुद्दा सुचवू नये. लिहून झालेला मजकूर नळावरच्या बायांना वाचून दाखवावा. त्यांना जेथे अडेल तेथे खूण करून मुलांनी पुन्हा लिहावयास बसावे.