आजीचा चेहरा काळा का आला?



उन्हाळी बालधम्म संस्कार शिबिरात आम्ही मुलांकडून पत्र्याच्या डब्याचा कॅमेरा करून घेतला. आतून काळा रंग, भिंगाच्या जागी सुईचे भोक आणि फिल्मऐवजी फोटोचा कागद. एका मुलीने आपल्या आजीला विहारासमोर भर उन्हात बसवले. कागदी निगेटिव्हवरून फोटो छापला, तर शुभ्र साडी नुसती कोरी अन् चेहरा काळाकुट्ट. आजी म्हणाली, "ह्यात मी कुठं हाय गं?" पोरीचे डोळे भरून आले.

दोष आजीच्या रंगाचा नाही, कागदाचा आहे, हे आम्ही आधी सांगितले. हा कागद निळा प्रकाश चटकन टिपतो, तांबडा टिपतच नाही. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालतो. सावळ्या चेहऱ्यावरून निळा प्रकाश थोडाच परततो. त्यात कडक ऊन! काळ्या-पांढऱ्यातला हा फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट, आटोक्यात आणायचे तीन उपाय आहेत.

पहिला, माणूस सावलीत बसवा. आमच्या डब्याला उन्हात पाऊण मिनिट लागे, सावलीत पाच-सहा मिनिटे. तेव्हा पाठ भिंतीला टेकवून बसवावे.

दुसरा, कागद मल्टिग्रेड असेल तर भोकासमोर पिवळा जिलेटीन कागद लावा व वेळ दुप्पट किंवा अधिक द्या. ठरावीक ग्रेडच्या कागदाला पिवळ्याचा उपयोग नाही. तेथे दोन नंबरचा ग्रेड घ्यावा.

तिसरा सर्वांत गुणकारी. डब्यात घालण्याआधी कागदाला किंचित उजेड दाखवायचा. झीरोचा पांढरा बल्ब भिंतीकडे वळवा. कागदाच्या पट्टीवरून दर सेकंदाला पुठ्ठा थोडा थोडा सरकवा. पट्टी डेव्हलप केल्यावर पहिली करडी छटा जेथे दिसेल, त्याच्या आधीची वेळ आपली. तेवढाच उजेड प्रत्येक कागदाला द्यावा. मग चेहऱ्यावरून येणारा थोडका प्रकाशही वाया जात नाही.

रसायनात मुलांचे हात नकोत. चिमटा वापरावा, खिडकीला काळा कपडा लावला तरी हवा खेळती ठेवावी. कागद महाग, म्हणून छोटे तुकडे करावेत.

दुसऱ्या खेपेला आजीच्या कपाळावरच्या सुरकुत्या आल्या, पदराच्या चुण्याही आल्या. मधल्या काळात चार कागद वाया गेले. पण मुलीने प्रत्येकाचे सेकंद वहीत लिहून ठेवले होते. धम्माचे 'एहिपस्सिको', या आणि स्वतः पाहा, हे आम्हाला त्या वहीत दिसले. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचा एक तरी फोटो मुलांकडून असा काढवून घ्या.