इंग्रजी हवी, पण पायरीपायरीने

तुर्भे स्टोअर, इंदिरानगर येथील आमचा श्रमजीवी बांधव दिवसभर कारखान्यात किंवा बाजार समितीच्या आवारात राबतो आणि मुलाच्या फीची विवंचना घेऊन घरी परततो. शाळा इंग्रजी माध्यमाची असावी, एवढाच त्याचा हट्ट असतो. हा हट्ट अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ सालच्या ‘काव्यफुले’ या संग्रहातच शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा उपदेश केला होता. पुढे, स्वातंत्र्यानंतरच्या मुंबई राज्यात मराठी शाळांतील इंग्रजी आठवीपर्यंत मागे ढकलली गेली, तेव्हा ज्यांच्या घरी ती होती त्यांचे काही बिघडले नाही. बिघडले ते ज्यांच्या कानी ती शाळेवाचून पडणारच नव्हती त्यांचे. म्हणून २००० सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली, हे योग्यच झाले.

परंतु इंग्रजी शिकणे निराळे आणि सर्व विषय इंग्रजीतून शिकणे निराळे. घरात ज्या भाषेचा एक शब्द नाही, त्या भाषेत पाच वर्षांच्या बालकाला बेरीज समजावून दिली, तर ते बेरीजही शिकत नाही आणि भाषाही शिकत नाही. ते फक्त घोकते. पाहुण्यांसमोर कविता म्हणून दाखविते, आईबाप हरखतात. तोच प्रश्न जरा फिरवून विचारला की ते गप्प! अशा घोकंपट्टीसाठी पोटाला चिमटा घ्यावा काय?

मुलाने मराठी कशी आत्मसात केली, हे आठवावे. आधी कानांनी, मग जिभेने. डोळे आणि हात यांची पाळी फार उशिरा आली. इंग्रजीचा क्रमही तोच असावा. आरंभी गाणी, गोष्टी, ऊठ-बस-आण अशा आज्ञा. मग लहान वाक्यांत बोलणे. त्यानंतर वाचन आणि शेवटी लेखन. वाचनाची खरी अडचण अशी की आपल्या ‘क’चे नाव आणि उच्चार एकच असतात, इंग्रजीत तसे नाही. ‘सी’ हे अक्षर ‘कॅट’मध्ये ‘क’ होते आणि ‘सिटी’मध्ये ‘स’. अक्षरांची नावे पाठ असूनही पुष्कळ मुलांना शब्द वाचता येत नाही, त्याचे हे एक मोठे कारण होय. म्हणून नावांबरोबर ध्वनी शिकवावेत. आणि जे मूल मराठी अस्खलित वाचते, त्याला अक्षरांतून अर्थ काढण्याची हातोटी एकदा साधलेली असते. दुसऱ्या भाषेत ती नव्याने कमवावी लागत नाही.

सुभेदार रामजींनी भीमरावांकडून तर्खडकरांच्या भाषांतरमालेची पुस्तके पाठ करून घेतली होती. पाठांतर तेथेही होते; परंतु ती पुस्तके मराठीचा हात धरून इंग्रजीकडे नेणारी होती. याच विद्यार्थ्याने १९२० साली ‘मूकनायक’ मराठीत काढला आणि १९३६ साली जातिसंस्थेच्या उच्चाटनावरचा आपला ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध केला.

ज्या मातेला इंग्रजी येत नाही, तिने मुळीच संकोचू नये. मुलाने शाळेत ऐकलेली इंग्रजी गोष्ट तिने मराठीत सांगावयास लावावी. सांगता आली तर ती त्याला कळली. महिन्याकाठी एखादे न शिकविलेले पान त्याच्यापुढे धरावे. अडखळत का होईना, ते वाचते की पाठ केलेलेच म्हणते, हे तिला सहज उमजेल.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने महापालिकेच्या व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना आणि निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या आहेत. आमच्या भगिनी तेथे बहुधा सहीपुरत्या जातात, ही खेदाची गोष्ट आहे. पुढील सभेत त्यांनी उभे राहून विचारावे: पहिलीच्या वर्गात इंग्रजी कोण शिकविते, ते शिक्षक मुलांशी इंग्रजीत बोलतात काय, आणि आठवड्यातून किती वेळा माझ्या मुलाला स्वतः तोंड उघडावयास मिळते? उत्तर कार्यवृत्तात लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.