गोळी सोडण्याचा संकल्प

चातुर्मास आला की आमच्या देवळांच्या सभामंडपांतून संकल्पांची गर्दी उसळते. कोणी कांदा-लसूण सोडतो, कोणी वांगे, कोणी चहा. आणि अलीकडे या त्याज्य पदार्थांच्या पंक्तीत एक नवीन पाहुणा येऊन बसला आहे. तो म्हणजे झोपेची गोळी, आमच्या कोंकणी घरांतील 'न्हिदेची गुळी'. "देवावर भार टाक आणि ती गोळी फेकून दे," असा उपदेश करणारी मंडळी आपल्यात आहेत. ती सज्जन आहेत, त्यांचा हेतू शुद्ध आहे; तथापि त्यांचा हा उपदेश घातक आहे, असे आम्हांस स्पष्टपणे म्हणावयाचे आहे.

आमच्या एक वृद्ध मावशी बेळगावास शहापुरात राहतात. यजमान वारले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना पंधरा दिवसांपुरती अल्प्राझोलामची गोळी दिली. ते पंधरा दिवस अकरा वर्षे चालले. पुढे एका आषाढी एकादशीस कोणाच्या तरी सांगण्यावरून मावशींनी संकल्प सोडला आणि गोळी एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी हात कापू लागले, अंगास घाम सुटला. भांड्यांचा आवाज कानांत घणासारखा बसू लागला. घरचे म्हणाले, मन घट्ट करा. शेजारणी म्हणाल्या, नामस्मरण वाढवा. तिसऱ्या रात्री मावशींना झटका आला आणि त्यांना बेशुद्धावस्थेत इस्पितळात न्यावे लागले. आयुष्यभर ज्यांनी एक एकादशी चुकवली नाही, त्या बाईंची श्रद्धा उणी पडली, असे कोणी म्हणणार आहे काय?

श्रद्धेचा येथे संबंधच नाही. मेंदूत उत्तेजनेला आवर घालणारे 'गाबा' नावाचे एक द्रव्य असते. डायझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम या गोळ्या त्याचा जोर वाढवितात. महिनोन्महिने ही बाहेरची मदत मिळत राहिली म्हणजे मेंदू आपली स्वतःची व्यवस्था तिला अनुसरून बदलून घेतो. मग ती मदत एका रात्रीत काढून घेतली, तर आवर घालणारे कोणी उरत नाही. धास्ती, निद्रानाश, कंप, भ्रम आणि क्वचित प्राणावर बेतणारे झटके, ही सर्व त्या रित्या जागेची लक्षणे होत. आमच्या निपाणीकरांना तंबाखूचे व्यसन म्हणजे काय हे शिकवावयास नको. विडी सोडणारा आठवडाभर घरच्यांवर चिडतो, कासावीस होतो. पण विडी सोडल्याने तो झटके येऊन कोसळत नाही. ही गोळी सोडणे त्या जातीचे नव्हे. तिची तुलना व्यसनाशी करून माणसास लाजविणे हे अज्ञान आहे. मावशींनी ती चैनीसाठी घेतली नव्हती, चिठ्ठीवर लिहून दिली म्हणून घेतली होती.

येथे आमचा रोख उपदेशकांकडून वैद्यकाकडे वळतो. या कुळातील पहिली गोळी १९६० मध्ये बाजारात आली आणि १९६३ मध्ये डायझेपाम आले. १९८८ मध्येच ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने बजावले होते की, या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत. आपल्याकडे यांपैकी अल्प्राझोलाम व डायझेपाम यांचा समावेश २०१४ च्या मार्चपासून अमलात आलेल्या 'एच-१' परिशिष्टात आहे. दुकानदाराने डॉक्टरांचे नाव, रोग्याचे नाव आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी, असा कायदा आहे. पण वही प्रत्येक दुकानाची निराळी! निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर. तेथील डॉक्टर एक चिठ्ठी देतात, बेळगावचे दुसरी. सीमेच्या दोन बाजूंची दोन दुकाने परस्परांस ओळखत नाहीत. १९५६ पासून आम्ही सीमेच्या रेषेवरून भांडत आलो. या गोळीला मात्र ती रेषा कधी आडवी आली नाही. शिवाय चिठ्ठी इंग्रजीत, वेष्टनावरील मजकूर इंग्रजीत, आणि खाणारी बाई घरी कोंकणी बोलणारी, पोथी मराठीत वाचणारी. गोळी किती दिवसांची आणि ती सोडावयाची कशी, हे तिला तिच्या भाषेत सांगावयाचे कोणी? गोळी लिहावयास अर्धे मिनिट पुरते. ती सोडविण्यास वर्ष लागते, आणि त्या वर्षाची जबाबदारी कोणी घेत नाही.

ज्यांना शास्त्राधारच हवा, त्यांनी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय उघडून पाहावा. अंगवळणी पडलेली अहितकर गोष्ट शहाण्याने क्रमाक्रमाने, अंशाअंशाने सोडावी, असे तेथे सांगितले आहे. तेथला चतुर्थांश या गोळ्यांना लावू नये, तो फार मोठा होईल. पण तत्त्व तेच आहे. न्यूकॅसल येथे १९८२ ते १९९४ पर्यंत केवळ या गोळ्या सोडविण्याचेच केंद्र चालविणाऱ्या डॉ. हेदर ॲश्टन यांनीही तेच केले. लवकर उतरणाऱ्या गोळीच्या जागी हळू उतरणारे डायझेपाम द्यावयाचे आणि मग रोग्याच्या गतीने थोडे थोडे कमी करावयाचे. २०२५ मधील अमेरिकन वैद्यकसंस्थांचे संयुक्त मार्गदर्शनही दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के मात्रा उतरवावी असेच सांगते. हे सर्व डॉक्टरांच्या देखरेखीखाली. स्वतःच्या सुरीने गोळी कापून नव्हे. मधल्या काळात मद्य तर नाहीच. एखादा महिना वाईट गेला तर त्याच मात्रेवर थांबावे. थांबणे म्हणजे हार नव्हे.

पण माणूस डॉक्टरांकडे जाईल तेव्हा! आमच्या भागात धारवाडचे नाव काढले की वेड्यांचे इस्पितळच डोळ्यांसमोर येते, आणि मुलीचे लग्न मोडेल या भयाने घरे ओठ शिवून बसतात. तेथे आज मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञानाची मोठी संस्था उभी आहे, हे कोणी ध्यानात घेत नाही. २०२२ च्या ऑक्टोबरपासून १४४१६ हा सरकारी दूरध्वनी रात्रंदिवस विनामूल्य चालू आहे व त्यावर मराठीतही बोलता येते; तो आकडा आम्हांस अजून एकाही देवळाच्या फलकावर दिसलेला नाही. पालखीची वेळ आणि देणगीदारांची नावे जेथे लिहितात, त्याच्या खाली ही एक ओळ लिहावयास देवस्थान समित्यांना किती खडू लागेल? आणि कीर्तनकारबुवांनी एवढेच सांगावे की, संकल्प अवश्य करा, पण डॉक्टरांना विचारल्यावाचून औषधाचा संकल्प करू नका.

मावशींना गोळी सोडावयास सोळा महिने लागले. शेवटचा तुकडा गेल्या कार्तिकात सुटला. त्या रात्री दोन वाजेपर्यंत त्या जाग्याच होत्या, आणि पहाटे काकड आरतीस उशिरा पोचल्या.