पोत्याचं वजन कोण लिहिणार?

कोंबड्यांचा हिशेब आता मोबाईलात. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, वीज, भाताचं तूस आणि रात्रीची जागरणं आमची. मरतूक रोज सकाळी अ‍ॅपवर भरायची, फोटोसकट. पण पिल्लं उतरवतानाच लुळी होती, खाद्याची गाडी दीड दिवस उशिरा आली, हे भरायला त्यात रकानाच नाही. खाद्याची तर नुसती पोती मोजतात, पोतं 50 किलोचं धरून. गेल्या लॉटला मी धान्याच्या काट्यावर दहा पोती चढवली. बहुतेक 49च्या आसपास! 5,000 पक्ष्यांच्या लॉटला सव्वातीनशे पोती लागतात; म्हणजे तीन क्विंटलांवर खाद्य माझ्या कोंबड्यांनी न खाताच खाल्लं. मग एफसीआर, म्हणजे किलोभर वजनाला किती खाद्य लागलं तो आकडा, चढतो आणि किलोमागं मिळणारे आमचे पैसे कापले जातात. सुपरवायझर म्हणतो, "काका, सिस्टिमच तसं दाखवते." अरे, पण सिस्टिमला पोतं कोणी दाखवलं? वजनाचा रकाना अ‍ॅपात टाका आणि तो आम्हाला भरू द्या, एवढंच मागतोय. तोवर गाडी आली की काटा बाहेर काढतो, वजन वहीत लिहून ड्रायव्हरची सही घेतो. कुरकुरतो, पण करतो.