भंगार की कला?

युवा महोत्सवाच्या ललित कला विभागात स्थळचित्रण, व्यंगचित्र, मातीकाम, रांगोळी यांच्या जोडीला ‘इन्स्टॉलेशन’ ही सुद्धा एक स्पर्धा असते. मराठीत याला मांडणशिल्प म्हणतात. तुटकी खुर्ची, वायरी, रिकाम्या बाटल्या मांडलेल्या दिसल्या की हॉस्टेलवरचे आपले ठरलेले वाक्य तयार असते, ‘‘ह्यात काय कला? हे तर कुणीही करेल!’’ आणि शेजारी कुणी निसर्गचित्र रंगवत असला की, ‘‘वा, काय हात आहे!’’

हा वाद समजून घ्यायला आपल्याच जिल्ह्यातला माणूस घेऊ. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ चा, पंढरपूरचा. मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून त्यांनी पोट भरले. म्हणजे ‘हात’ होताच! १९५४ साली त्यांनी ‘ग्रामयात्रा’ हे सुमारे १४ फूट लांबीचे चित्र काढले. ते कित्येक वर्षे नॉर्वेतल्या एका हॉस्पिटलमध्ये होते आणि मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. याच हुसेननी १९९२ साली मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत ‘श्वेतांबरी’ मांडली. काय होते त्यात? दालनभर पांढरे कापड आणि जमिनीवर फाटक्या वर्तमानपत्रांचे तुकडे. ज्याला घोडा दोन रेघांत उभा करता येतो, त्याला हे करावेसे का वाटले असेल?

मला वाटते, फरक इथेच आहे. चित्रासमोर आपण उभे राहतो, मांडणशिल्पाच्या आत आपण शिरतो. चित्र सोलापूरहून ऑस्लोला गेले तरी चित्रच राहते. मांडणशिल्प जागा सोडली की संपते. यात परके काय आहे? गणेशोत्सवातला देखावा दहा दिवसांनी उतरतो, दारातली रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाते. म्हणून त्यांना कुणी भंगार म्हणते का?

अर्थात या नावाखाली काहीही खपते हेही खरे. भिंतीला टेपने चिकटवलेले केळे २०२४ साली ६२ लाख डॉलरला विकले गेले! आपल्याकडचे दुखणे वेगळे आहे. आपण चार वस्तू मांडतो, वर ‘पाणी वाचवा’ अशी पाटी लावतो आणि खाली पानभर माहिती चिकटवतो. ते मांडणशिल्प नव्हे, ते पोस्टरच, फक्त जास्त जागा अडवणारे.

समजा, आपल्या गावातल्या बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात कुणी एक धोटा आणि शंभर रिकामे डबे ओळीने ठेवले. पाटी नाही, भाषण नाही. ती शांतता उत्तम चित्रकारही कॅनव्हासवर आणू शकेल, पण गिरणीत ती आणावी लागत नाही, ती तिथे असतेच.

तेव्हा परीक्षकांना आणि आपल्यालाही एकच विनंती. चित्रात रेघ आणि रंग जरूर पाहा. मांडणशिल्पात मात्र आधी पाटी झाका आणि बघा, ती जागा बोलते का? बोलली तर ती कला. नाही बोलली तर खुशाल भंगार म्हणा!